कोंग साहेबांना कोण उठवणार?

भिंतीपलीकडे एका माणसाला मारहाण चालली आहे, अशी तक्रार 'शांतजल' हॉटेलच्या स्वागतकक्षात आली. तक्रार करणाऱ्या बाई जर्मनीहून आल्या होत्या. मौनकक्षात डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून पडल्या असताना त्यांनी जे ऐकलं, ते त्यांनी नेमक्या शब्दांत सांगितलं. मारणारा सराईत आहे, मार खाणारा कण्हतो आहे, पोलिसांना बोलवा.

हॉटेलच्या व्यवस्थापक रेन यिफेई दोन सुरक्षारक्षकांना घेऊन खाली धावल्या. मौनकक्षाशेजारच्या स्नानघराचं दार उघडलं तर वाफेत, लाकडी बाकावर नेहमीचे गिऱ्हाईक वू काका पालथे पडलेले. पाठ उकडलेल्या खेकड्यासारखी लाल. त्यांच्यावर पाठ घासणारा उस्ताद ताओ गनफू वाकलेला. उजव्या पंजाला ओला टॉवेल घट्ट गुंडाळलेला, डावा हात हवेत.

"काय चाललंय हे?" रेन मॅडमनी विचारलं.

"चाललं होतं ते तुम्ही थांबवलंत," वू काका मान न उचलता म्हणाले. "दार लावा आधी. वारा येतोय."

वू काका वाहतूक पोलीस म्हणून निवृत्त झालेले. म्हणजे पोलीस आधीच हजर होता, आणि पाठ त्याचीच होती. हे जर्मन बाईंना समजावून सांगायला रेन मॅडमना बराच वेळ लागला. बाईंनी ऐकून घेतलं, खोली बदलून मागितली आणि जाताना हॉटेलच्या इंटरनेटवरच्या पानावर तिखट अभिप्राय लिहिला. खरी अडचण तिथून सुरू झाली.

पुढचं मी रेन मॅडमकडून आणि ताओच्या शेजारच्या बाकावर काम करणाऱ्या दिंगकडून वेगवेगळं ऐकलं. दोघांचं जिथे जुळतं तेवढंच इथे घेतलं आहे. ताओचं म्हणणं घेतलं नाही, कारण त्याच्या सांगण्यात तो प्रत्येक वेळी थोडा उंच होत जातो.

आमच्या यांगझोऊत पाठ घासून घेणं ही चैन कोणी मानत नाही. जेवणासारखी ती रोजची गोष्ट आहे. 'शांतजल' जिथे आहे तिथे, कालव्याच्या काठी, आधी सार्वजनिक स्नानघर होतं आणि त्याला लागून मिठाच्या व्यापाऱ्यांची जुनी घरं. शेनझेनच्या एका कंपनीनं ती सगळी ओळ विकत घेतली, काचेच्या बोळांनी एकमेकांना जोडली, आणि आत मौनकक्ष, सुगंधकक्ष, उशांची निवड करायचा कक्ष असं बरंच काही उभारलं. माहितीपुस्तिकेत एक पान स्थानिक परंपरेला हवं होतं, म्हणून स्नानघराचे दोन उस्ताद ठेवून घेतले. ताओचा फोटो त्या पानावर छापला गेला. ताओनं ते पान फ्रेम करून घरात लावलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याखालीच बसवू लागला.

आता पाठीवरच्या थापांबद्दल. स्नानघरात वाफ आणि पाण्याचा आवाज. हाक मारली तर ऐकू जात नाही, हात केला तर दिसत नाही. म्हणून घासणारा बोलतो तो गिऱ्हाइकाच्या पाठीवर. पसरट हाताची एक थाप म्हणजे 'कुशीवर व्हा'. पंजाची वाटी करून दोन म्हणजे 'गरम पाणी आण'. भराभर वाजवून शेवटी एक मोठी म्हणजे 'माझं झालं, पुढचा पाठव'. वाटीची एक, पसरट एक, पुन्हा वाटीची एक म्हणजे 'हा फार बोलतो, सोडव मला'. ही शेवटची खूण गिऱ्हाइकांना कळत नाही असा उस्तादांचा समज आहे. वू काकांना ती पूर्वीपासून कळते, आणि ती वाजली की ते मुद्दाम नवा विषय काढतात.

"ताओ उस्ताद," रेन मॅडमनी त्याला आणि दिंगला समोर बसवून सांगितलं, "आपण इथे शांतता विकतो. थापा बंद."

"मॅडम, थाप नाही मारली तर पाठीला कळणार कसं?"

"पाठीला काय कळायचंय?"

"की पुढे काय होणार ते. न सांगता हात पडला की माणूस दचकतो. बैलाच्या अंगावरसुद्धा आधी हात ठेवतात, मग..."

"पाहुण्यांना बैल म्हणू नका."

"मी बैलाला पाहुणा म्हणत होतो," ताओ म्हणाला. दिंग हसला आणि मग खोकल्यासारखं केलं.

रेन मॅडम हसल्या नाहीत. त्या मूळच्या हांगझोऊच्या. कामाला चोख आणि मनानं वाईट नव्हत्या, पण त्या दिवशी त्यांच्याकडे वाईट बातमी होती. "नीट ऐका. गुरुवारी मुख्य कार्यालयातून कोंग साहेब येताहेत. आवाज मोजणं हेच त्यांचं काम. ही खोली मर्यादेत बसली तर ठीक. नाही बसली तर इथे मिठाची गुहा करायचा बेत वर तयार आहे."

"कसली गुहा?"

"मिठाची. भिंती मिठाच्या, जमीन मिठाची. पाहुणे आत बसून श्वास घेतात."

"नुसता?" दिंगनं विचारलं.

"नुसता."

दिंगला हे पचायला वेळ लागला. ज्या व्यापाऱ्यांच्या घरांत हे हॉटेल आहे, त्यांनी अर्ध्या देशाला मीठ विकून ती घरं बांधली होती. त्यांच्यापैकी कोणी मिठाच्या गोदामात मुद्दाम जाऊन बसला असेल, असं त्याला वाटेना.

"आणि आम्ही?" ताओनं विचारलं.

"दिंगला पायांची नखं-भोवऱ्या काढायचं काम येतं, तो पायांच्या खोलीत जाईल. तुमच्यासाठी धुलाई विभागात जागा ठेवलीय. टॉवेलांच्या घड्या."

ताओ उस्ताद आपल्या तळहातांकडे पाहू लागला. दिंगच्या म्हणण्याप्रमाणे असं त्यानं प्रथमच पाहिलं. यांगझोऊच्या तीन महापौरांच्या पाठी ज्या हातांनी घासल्या (हा आकडा ताओचा आहे), त्या हातांनी टॉवेलांच्या घड्या घालायच्या, आणि घरी भिंतीवर फोटो. तो काढावा लागला असता, किंवा रोज त्याच्याखाली बसून जेवावं लागलं असतं.

गुरुवारपर्यंत ताओनं बिनआवाजी घासण्याचा सराव केला. आधी दिंगच्या पाठीवर, मग घरी कणकेच्या पाटावर. दिंग सांगतो की टॉवेल फिरायचा तसाच फिरायचा, पण डावा हात आपोआप वर जायचा आणि हवेतच थांबायचा. शाळेत उत्तर येत असून विचारत नाहीत अशा मुलासारखा.

"अहो, झेपेल का तुम्हाला?" गुरुवारी सकाळी चहाच्या दुकानात, रश्शानं भरलेल्या वाफाळत्या पावाला, बाओझीला, नळी लावत त्याची बायको ग्वेझेननं विचारलं.

"का नाही झेपणार? मनावर ताबा हवा फक्त."

"काल झोपेत माझ्या पाठीवर दोनदा गरम पाणी मागवलंत."

"मग?"

"मग काय, आणलं नाही मी. आणि वाटीची एक, पसरट एक, वाटीची एक म्हणजे काय असतं हो? तेही वाजवलंत."

ताओनं घाईघाईनं आल्याचे तुकडे तोंडात टाकले आणि हे काही नसतं, सवयीनं होतं, असं सांगितलं.

कोंग मिंगयुआन साहेब दुपारी आले. कृश, पन्नाशीच्या आतले, डोळ्यांखाली वर्तुळं इतकी काळी की दिंगला आधी वाटलं कोणाशी मारामारी झाली असावी. बोलणं इतकं हळू की समोरच्यालाही आपोआप आवाज खाली आणावा लागे. गळ्यात काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र. आत आल्या आल्या त्यांनी ते खुंटीला अडकवलं, आपले कपडे व्यवस्थित घडी घालून ठेवले (ताओनं त्या घडीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं), आणि गरम कुंडात उतरले.

"झोप बरी लागते का साहेब?" दिंगनं सहज विचारलं. गिऱ्हाईक कुंडात असताना हे विचारायचंच असतं.

"नाही."

"अजिबात?"

"माझं कामच ऐकण्याचं आहे. ते संध्याकाळी बंद होत नाही. घरी फ्रिज ऐकू येतो. फ्रिज बंद केला तर शेजाऱ्यांचा ऐकू येतो."

कोंग साहेब न्यायाचे निघाले. त्यांनी स्वतःच सुचवलं की अर्धं काम नव्या पद्धतीनं, अर्धं जुन्या पद्धतीनं करा, दोन्ही मोजू. एकाच बाजूचं ऐकून निकाल द्यायची त्यांना सवय नव्हती.

नव्या पद्धतीचा भाग पाहण्यासारखा झाला. ताओ मुकाट्यानं घासू लागला. खांदा झाला, दंड झाला. कूस बदलायची वेळ आली तेव्हा थाप मारता येईना, म्हणून त्यानं एका बोटानं हळूच टोचलं. कोंग साहेब ताडकन उठून बसले.

"माफ करा," ताओ कुजबुजला.

"नाही, नाही, माफ करा," कोंग साहेब त्याहून हळू म्हणाले.

पुन्हा आडवे. पुन्हा घासणं. पुढच्या वळणाला ताओनं खाकरून पाहिलं. कोंग साहेबांनी विचारलं, काही म्हणालात? गरम पाणी हवं होतं तेव्हा ताओनं दिंगकडे पाहून भुवया उडवल्या. वाफेत दिंगला भुवया दिसल्या नाहीत, नुसतं डोकं हललेलं दिसलं, म्हणून तो थंड पाणी घेऊन आला. ते अंगावर पडल्यावर कोंग साहेबांनी जो श्वास घेतला तेवढाच काय तो आवाज झाला. यंत्रानं त्या भागाला उत्तीर्ण ठरवलं. पण कोंग साहेबांचे खांदे कानांना लागले होते आणि मुठी आवळलेल्या होत्या.

"आता तुमच्या पद्धतीनं," ते म्हणाले.

ताओनं टॉवेल पिळला, पंजाला पुन्हा गुंडाळला आणि पहिली थाप दिली. खोली भरून गेली. दिंग सांगतो की त्याच्या अंगावर काटा आला, अंगणातली कबुतरं उडाली, आणि मौनकक्षात कोणाच्या तरी काकडीच्या चकत्या नक्की खाली पडल्या असणार. कोंग साहेब यावेळी दचकले नाहीत. दुसऱ्या थापेला स्वतःहून कुशीवर वळले. वाटीच्या दोन थापा वाजल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "हे काय सांगितलंत?"

"गरम पाणी मागवलं."

पाणी आलं, गरमच आलं. कोंग साहेब "हं" म्हणाले आणि त्यांच्या मुठी उघडल्या.

पण आकडा आकडाच असतो. काम संपल्यावर कोंग साहेबांनी खुंटीवरचं यंत्र पाहिलं आणि खरोखर वाईट वाटून सांगितलं, "मर्यादेच्या फार वर गेलंय, उस्ताद. थोडंथोडकं असतं तर काही करता आलं असतं. पाच वाजता वरिष्ठांशी बैठक आहे, फोनवरच. मला हा आकडा सांगावा लागेल."

"सांगा," ताओ म्हणाला. "पण आधी पडा. घाम जिरू द्या. घासलेल्या माणसाला ओल्या अंगानं उठवून बाहेर काढलं, असं माझ्या नावावर नको. घड्या घालायला गेलो तरी."

बाहेरच्या खोलीत आरामपलंग होते. ताओनं त्यांच्या अंगावर मोठा कोरडा टॉवेल घातला, दुसरा पायांवर गुंडाळला, उशाशी चहा ठेवला आणि हिरव्या मुळ्याच्या चकत्या. कोंग साहेबांनी यंत्र शेजारच्या खुंटीवर अडकवलं, थोडा वेळ छताकडे आणि खिडकीबाहेर पाहत राहिले, फोनवर काहीतरी टिपलं, आणि "पाच मिनिटं" असं म्हणून डोळे मिटले.

घोरणं मुळ्याची पहिली चकती उचलण्याआधीच सुरू झालं. आधी केटली तापावी तसं. मग पाण्याचा पंप. मग असं काहीतरी की दिंगला कालव्यातून जाणाऱ्या कोळशाच्या जुन्या होड्या आठवल्या.

दिंग आनंदून गेला. "उस्ताद, झोपू द्या. झोपलेला माणूस काही बंद करत नाही."

पाच वाजत आले तेव्हा रेन मॅडम आल्या. पलंगाकडे पाहून त्या जागच्या जागी थांबल्या.

"उठवा त्यांना."

"नाही मॅडम," ताओ म्हणाला. तो पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसला होता.

"बैठक आहे त्यांची!"

"असेल. झोपलेल्या गिऱ्हाइकाला स्नानघरात उठवत नाहीत."

"तुमच्या फायद्याचं आहे म्हणून बोलताय तुम्ही."

यावर ताओ उस्ताद उभा राहिला. त्यानं जे भाषण केलं ते दिंगनं मला करून दाखवलं, आणि रेन मॅडमनी ते साधारण तसंच होतं असं मान्य केलं. फायदा! या खोलीत महापौर झोपले, आणि बाहेर त्यांचा ड्रायव्हर ताटकळत बसला. लग्नाचा नवरा झोपला, वरात थांबली. कोणाला उठवलं नाही. हा माणूस उठून मला पदक देणार असता तरी मी त्याला उठवलं नसतं. जग इकडचं तिकडे झालं तरी या पलंगावरच्या माणसाला हात लागणार नाही!

रेन मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आपला फोन पुढे केला. "हा निरोप त्यांनी झोपायच्या आधी मला पाठवलाय. वाचा."

दिंगनं वाचला. 'अंगणापलीकडे जुनं बॉयलरघर दिसतंय. त्याच्या भिंती किती जाड आहेत? बाकं तिकडे हलवली तर? पाचच्या आत कळवा, म्हणजे बैठकीत मांडतो.'

"भिंती हातभर जाड आहेत," रेन मॅडम म्हणाल्या. "मोजून आलेय मी. हे सांगायलाच खाली आले. आज मिठाच्या गुहेच्या ठेक्यावर सही व्हायचीय. हे बोलले नाहीत तर ती होईल, आणि उद्या कामगार येऊन बाकं उचलतील. बोलणारे एकटे हेच आहेत. आता बोला, उस्ताद."

ताओनं फोन जवळ ओढून निरोप पुन्हा वाचला.

"उठवा उठवा!" दिंग कुजबुजत ओरडला. "उस्ताद, उठवा!"

ताओ पलंगापाशी गेला. हात वर केला. कोंग साहेबांचा एक पाय टॉवेलाबाहेर आला होता. ताओ त्या पायाकडे पाहत राहिला, मग त्यानं तो पुन्हा नीट झाकला आणि स्टुलावर येऊन बसला.

"काय झालं?" दिंगनं विचारलं.

"आत्ता मॅडमसमोर मी काय बोललो?"

"मी विसरलो! मॅडमही विसरतील. विसराल ना मॅडम?"

"मी नाही विसरणार," ताओ म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता, पण तो स्टुलावरून हलला नाही. "आणि याच्याकडे बघ जरा. आला तेव्हा असा होता का?"

कोंग साहेबांचं तोंड अर्धवट उघडं होतं. कपाळावर आठी नव्हती. लाळेचा एक बारीक ओघळ उशीवर उतरला होता, आणि ती उशी त्यांनी कुठल्याही निवड-कक्षातून निवडलेली नव्हती.

"मग मी उठवतो," दिंग म्हणाला. "मी तर पायवाला आहे आता. पायवाल्याला नियम नाही."

"हात लावलास तर तुझाच हात पिळून वाळत घालीन."

दिंगनं हात लावला नाही. त्यानं तांब्याची बादली पाडली. ती फरशीवर आदळली, गडगडत भिंतीला लागली आणि बराच वेळ गोल फिरत राहिली. कोंग साहेब कुशीवर वळले आणि पुढच्या पट्टीत घोरू लागले.

"बादली हरली," वू काका म्हणाले. ते नेहमीच्या वेळेला अंगावर टॉवेल घेऊन आले होते आणि दारात उभे राहून सगळं ऐकत होते. "उठवू नका कोणी. मी इथे माझ्या पोरीच्या साखरपुड्याच्या वेळी झोपलो होतो. पूर्ण साखरपुडा झाला, पाहुणे जेवून गेले, मी इथेच. बायको त्यावर अजून बोलते. माझ्यावर बोलते, पोरीवर बोलते, व्याह्यांवर बोलते. पण स्नानघरानं उठवलं का नाही, असं एकदाही म्हणाली नाही."

"काका, इथे आमच्या पोटाचा प्रश्न आहे," दिंग म्हणाला.

"मग त्याच्या झोपेचा नाही का?"

पाच वाजले. रेन मॅडमच्या हातातला फोन वाजू लागला. त्यांनी ताओकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं, केस मागे सारले आणि बैठक तिथेच, उभ्या उभ्या सुरू केली. पडद्यावर सहा चेहरे आले. मधोमध अध्यक्ष यान बाई, सत्तरीच्या पुढच्या, चष्मा कपाळावर.

"रेन, हा आवाज कसला?" त्यांनी विचारलं. "पंप बिघडलाय का तुमच्याकडचा?"

"नाही मॅडम. हे कोंग साहेब आहेत."

"काय म्हणतोय तो?"

"काही म्हणत नाहीत."

रेन मॅडमनी फोन वळवला. पडद्यावरच्या सहाही जणांनी आपापला चेहरा जवळ आणला. एकाला हसू आवरेना, त्यानं कॅमेरा बंद केला. कंपनीच्या प्रत्येक हॉटेलातल्या लिफ्टची घंटी ज्या माणसानं काढायला लावली, भिंतीवरची घड्याळं टिकटिकतात म्हणून उतरवायला लावली, तो तोंड उघडं टाकून खोली हादरवत होता.

"झोपलाय?" यान बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

"हो. त्यांना एक प्रस्ताव मांडायचा होता. बाकं बॉयलरघरात हलवण्याचा. भिंती मी मोजल्यात, पण आवाजाचं त्यांनाच सांगता येईल." मग त्यांनी ताओकडे पाहिलं. तो स्टुलावर ताठ बसला होता, डोळे जमिनीवर. "त्यांना उठवणार नाही मी. इथे तशी पद्धत नाही."

ठेकेदाराचा माणूस थांबलाय, असं कोणीतरी म्हणालं. यान बाईंनी त्याला हातानं गप्प केलं. "हा मला पहाटे ईमेल पाठवतो. हिवाळाभर पाठवतोय. त्याला दोनदा रजेवर पाठवलं, तिकडूनही समुद्राच्या आवाजाबद्दल लिहिलं त्यानं." त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. ऐकण्यासारखं बरंच होतं. "असू दे. उठला की फोन कर म्हणावं मला. तोवर सही नाही."

पडदा काळा झाला. दिंग फरशीवरच बसला. ताओनं चेहऱ्यावरून टॉवेल फिरवला. टॉवेलाआड डोळे पुसले की घाम, याबद्दल दिंगचं आणि रेन मॅडमचं एकमत नाही, म्हणून मी ते सोडून देतो.

कालव्यावरचे कंदील लागले तेव्हा कोंग साहेब जागे झाले. वू काकांची पाठ घासून झाली होती, तीही थापा न मारता, बाहेरच्या झोपलेल्यासाठी. काकांनी त्याबद्दल कुरकुर केली, पण हळू आवाजात.

"किती वाजले?" कोंग साहेब ताडकन बसले. मग त्यांना कळलं. "मला उठवलं का नाही?"

सगळ्यांनी ताओकडे पाहिलं.

"आमच्यात उठवत नाहीत," ताओ म्हणाला.

"अहो, पण मी तुमच्याच बाजूनं बोलणार होतो!"

"तेच तर साहेब!" दिंगला राहवलं नाही. "तेच आम्ही यांना दोन तास सांगतोय!"

कोंग साहेबांनी एकदा ताओकडे पाहिलं. मग त्यांची नजर खुंटीवर गेली. यंत्र चालूच होतं. त्यांनी ते काढून घेतलं आणि आकड्यांवर बोट फिरवत गेले. बोट थांबलं, मागे आलं, पुन्हा थांबलं.

"हे काय आहे? हे थापांच्याही वर गेलंय. आणि सलग?"

"मधे एकदा बादली आहे, ती माझी," दिंग म्हणाला. "बाकी सगळं तुमचं."

कोंग साहेबांनी यंत्र कानाला लावून थोडा भाग ऐकला. दुसऱ्याच कोणाचं घोरणं असावं तसं त्यांनी ते पुन्हा ऐकलं. रेन मॅडम सांगतात की हा माणूस आता चिडेल असं त्यांना वाटलं होतं. तो चिडला नाही. त्यानं मुळ्याची एक चकती उचलली, सावकाश चावून खाल्ली, त्या चावण्याचा आवाज झाला तरी थांबला नाही, आणि टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेतच अध्यक्षबाईंना फोन लावला.

"मॅडम, कोंग बोलतोय. हो. हो, झोपलो. माफी असावी. अहवाल सांगतो." त्यांचा आवाज पुन्हा हळू झाला होता, पण सगळ्यांना ऐकू येत होता. "ही खोली शांतता विभागात बसत नाही. बाकं बसत नाहीत आणि बाकांवरून उठून पलंगावर पडणारी माणसंही बसत नाहीत. मोजमाप माझ्याजवळ आहे, त्यात शंकेला जागा नाही. म्हणून दोन्ही शांतता विभागाच्या बाहेर काढावीत. अंगणापलीकडे बॉयलरघर आहे, हातभर जाड भिंतीचं. बाकं तिकडे, पलंगही तिकडे. थापांवर बंधन नको. मिठाची गुहा हवी तर इथे करा, मला हरकत नाही." पलीकडून यान बाईंनी काहीतरी विचारलं. "नाही, उस्ताद धुलाईत नकोत. मी त्यांना घड्या घालताना पाहिलं नाही, पण माझ्या घडीकडे त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून ते काम त्यांना जमेल असं वाटत नाही."

फोन ठेवून ते कपडे घालू लागले. दिंग तोवर अंगणात पळाला होता, बॉयलरघराच्या दारातून बाक आत जाईल का ते पाहायला. वू काकांनी जाहीर केलं की पहिला नंबर त्यांचा.

"बॉयलरघर?" ताओ उस्ताद म्हणाला. त्याची छाती पुन्हा पुढे येऊ लागली होती. "कोंग साहेब, तुमची मेहेरबानी आहे, पण एक सांगतो. तिथलं छत गळतं. दारही उत्तरेला आहे, वारा थेट पाठीवर येणार. आणि माझा फोटो या खोलीतला आहे. म्हणजे नवा काढावा लागेल, थोडा मोठा, आणि यावेळी..."

"ताओ उस्ताद," रेन मॅडम म्हणाल्या, "आजच्या दिवस गप्प बसा."

तो गप्प बसला. दिंग सांगतो, साधारण बाक हलवायला सुरुवात होईपर्यंत.